पंच्याऐंशी अंशांचा आळ

माझी आत्या सव्वीस वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. जोडून झालेला काटा टेबलावर आला की ती त्याच्यावर पितळी वजनं ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. काटा जरा कलता करून बघायची, पंख्याखाली बघायची, पंखा बंद करून बघायची. मगच हिरवी चिठ्ठी. "माणूस खोटं बोलला तर कुठेतरी चाचरतो," ती म्हणायची. "खोटा काटा चाचरत नाही. तो अगदी ठामपणे चूक सांगतो."

ही सवय घरी आली नसती तरच नवल. दूध दोनदा हुंगल्याशिवाय पातेल्यात पडत नसे. कुलूप लावून तीनदा ओढून बघितल्यावरही ती जिन्यावरून एकदा परत यायची. कोपऱ्यावरचा भाजीवाला तिला लांबून येताना बघितलं की आधी तराजू पुसायला घ्यायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या होणाऱ्या नवऱ्याने सांगितलेलं ऑफिस खरंच त्या इमारतीत आहे का, हे ती खाली लावलेल्या पाट्या वाचून बघून आली होती. वर आम्हालाच म्हणाली, "आहे. तिसऱ्या मजल्यावर. पाटी मात्र नवीन दिसते." स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, एकाचा दुसऱ्यावर पहारा. काका, म्हणजे तिचे यजमान, तिला चिडवायचे, "आणि दोन्ही वेगळी वेळ दाखवायला लागली तर?" ती शांतपणे सांगायची, "तिसरं आणायचं."

काका पुस्तकबांधणी करायचे. हाताला कायम खळीचा वास. त्यांना दुसरा नाद होता तो गच्चीवरच्या कोंबड्यांचा. आत्या निवृत्त झाली त्या वर्षी त्यांनी हौसेने अंडी उबवायची एक तयार पेटी आणली. अंडी आत ठेवायची, पेटी साडेसदतीस अंश ऊब धरून ठेवणार, एकवीस दिवसांनी पिल्लं. एकवीस दिवस झाले, पंचवीस झाले, एकही अंडं हललं नाही. काका दोन दिवस पेटीकडे फिरकले नाहीत. मग म्हणाले, "जाऊ दे. आपल्या नशिबात नाही."

आत्याने नशिबाचा विचारच केला नाही. तिने कारखान्यातून निरोपाच्या वेळी मिळालेला तापमापक काढला, शेजाऱ्यांकडून आणखी एक आणला, आणि दोन्ही पेटीत ठेवले. पेटीचा पडदा दाखवत होता साडेसदतीस. आत होते चाळीस.

"खोटारडी," आत्या पेटीला म्हणाली.

तिथून सगळं सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची एक गल्ली आहे, दोन्ही बाजूंना अरुंद दुकानं, दारात तारांची भेंडोळी. तिथून ती काड्यापेटीएवढा एक बोर्ड घेऊन आली आणि माझ्याकडे जुना लॅपटॉप मागितला. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "ह्या बोर्डाला स्वतःची अक्कल नसते. काय मोजायचं, हीटर कधी लावायचा, कधी बंद करायचा, हे आपण लिहायचं आणि त्याच्या चिपमध्ये भरायचं. त्याला फर्मवेअर म्हणतात. पेटी खोटं बोलली ती ह्याच्यामुळे. आता मीच लिहिते."

छप्पन्नाव्या वर्षी ती शिकायला बसली. पहिला धडा सगळ्यांचा एकच असतो, बोर्डावरचा चिमुकला दिवा सेकंदाला एकदा लुकलुकवायचा. दिवा लुकलुकला की बाकीचे लोक टाळी वाजवून पुढच्या धड्याला जातात. आत्याने मनगटी घड्याळ समोर ठेवून शंभर लुकलुका मोजल्या, मग पुढचं पान उलटलं.

दीड वर्षाने तिची पेटी तयार झाली. थर्माकोलचं खोकं, एक बल्ब, एक छोटा पंखा, आणि बोर्ड. त्यातून पहिल्या खेपेला आठ पिल्लं बाहेर आली तेव्हा काका गच्चीवरून ओरडत खाली आले होते. तिने आपल्या फर्मवेअरला नाव दिलं 'ऊब', आणि हौशी लोकांच्या एका ऑनलाइन फोरमवर ते सगळ्यांसाठी ठेवून दिलं, फुकट. तीन वर्षांत कुठकुठल्या गावांतले लोक 'ऊब' वापरायला लागले. कोणी बदकं उबवत होतं, कोणी लावे. दूरच्या एका शाळेतले विज्ञानाचे मास्तर तर दर वर्षी वर्गात पेटी लावायचे आणि पिल्लांचे फोटो पाठवायचे. आत्या ते फोटो मोठे करून आधी मागच्या पडद्यावरचं तापमान वाचायची, मग पिल्लं बघायची.

असल्या फुकटच्या कामात दुसरे लोकही हातभार लावतात. कोणाला चूक सापडली तर तो दुरुस्ती लिहून पाठवतो, मूळ लिहिणाऱ्याने ती तपासून आत घ्यायची. आत्याला दुरुस्त्या पाठवणाऱ्यांत एक जण होता. त्याच्या नावाच्या जागी घुबडाचं चित्र होतं, म्हणून घरात त्याचं नावच घुबड पडलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दुरुस्ती, आणि खाली दोन शब्द, "दुरुस्त केलं." आत्याने आभार मानले तर उत्तर नाही. तुम्ही कुठले विचारलं, उत्तर नाही.

"हा कोण असेल गं?" ती मला विचारायची. "काय मिळत असेल ह्याला?"

"तुला काय मिळतं?" मी म्हणायची.

"माझं मला माहीत आहे. ह्याचं मला माहीत नाही."

तिने त्याच्यासाठी एक वेगळी वही घातली. त्याची प्रत्येक दुरुस्ती ती लाल पेनाने उतरवून घ्यायची, ओळ न् ओळ समजून घ्यायची, तीन-तीन दिवस पेटी चालवून बघायची. दोन वर्षांत एकही दुरुस्ती चुकीची निघाली नाही. दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. आत्याची झोप उडाली. "एकही चूक नाही? मी सव्वीस वर्षांत असा एक काटा बघितला नाही. जो कधीच चुकत नाही, तो आपली चूक कुठेतरी लपवत असतो."

मला हे सांगताना ती घासलेली भांडी फळीवर लावत होती, आणि प्रत्येक भांडं उजेडाकडे धरून बघत होती.

मग ती पंच्याऐंशीची ओळ आली.

तोपर्यंत बाजारात एक स्वस्तातला सेन्सर आला होता. तापमान मोजणारी धातूची पेन्सिलीएवढी नळी आणि तिला तीन तारा. खूप लोक तो वापरायला लागले होते. घुबडाने त्या सेन्सरसाठी एक लांबलचक दुरुस्ती पाठवली. रविवारी दुपारी आत्याचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता ये."

मी गेले. टेबलावर लॅपटॉप, वही, चष्म्याच्या दोन जोड्या. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"वाच."

"मला कुठे कळतंय त्यातलं?"

"मी सांगते. सेन्सरने पंच्याऐंशी अंश असं सांगितलं, तर हा म्हणतो, दुर्लक्ष कर. आधीचंच तापमान धर आणि चालू ठेव. कळलं? थर्माकोलची पेटी आहे, आत बल्ब आहे, तापमान पंच्याऐंशी झालंय, आणि हा म्हणतो दुर्लक्ष कर!"

काका दारात उभे होते. "अगं, पण असं कोण मुद्दाम कशाला करेल?"

"अहो, तेच तर. लोकांच्या घरात पेट्या आहेत. शाळेत आहेत."

ती शाळेत म्हणाली तेव्हा मला मास्तरांचा वर्ग आठवला. मी म्हटलं, "त्यालाच विचार ना."

तिने विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं, घुबडाच्या मानाने चांगलं लांबलचक, "सेन्सर खोटं बोलतो. पंच्याऐंशी खरं नसतं. खाली बघा."

तिने नवे तीन सेन्सर आणले, स्वतःच्या हाताने पक्के डाग देऊन जोडले, आणि तीन दिवस त्यांच्यासमोर बसली. गरम पाण्यात घातले, बर्फात घातले, पंख्याखाली धरले. एकानेही एकदासुद्धा पंच्याऐंशी दाखवलं नाही. चौथ्या दिवशी तिने मला फोनवर सांगितलं, "सेन्सर खोटं बोलत नाही. हाच बोलतोय."

याच सुमाराला फोरमवर दुसरा एक जण तिच्याशी बोलायला लागला. त्याने स्वतःचं नाव 'स्नेही' ठेवलं होतं. तो लिहायचा अगदी घरच्यासारखं. ताई, तुमच्या 'ऊब'मुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांची पहिली पिल्लं झाली. ताई, तब्येत सांभाळा. त्याचं उबवणीच्या पेट्यांच्या सुट्या भागांचं छोटं दुकान होतं. बोर्ड, सेन्सर, पडदा असं सगळं एका डब्यात घालून तो 'ऊब' चालवणाऱ्यांना विकायचा. आत्याने घुबडाबद्दल शंका काढली तसा तो म्हणाला, "ताई, बोलणार नव्हतो, पण तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो. ह्या माणसाने आणखीही दोन ठिकाणी असले उद्योग केलेत. लोक बोलत नाहीत एवढंच."

कुठल्या दोन ठिकाणी? आत्याने विचारलं नाही. दुधाला, कुलपाला, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या पाटीला पुरावा मागणाऱ्या बाईने हे एक वाक्य जसंच्या तसं आत घेतलं. त्याचं कारण आता मला कळतं. तो तिला जे हवं होतं तेच सांगत होता.

तिने फोरमवर सगळ्यांसाठी सूचना लावली. घुबडाच्या दुरुस्तीत घातक ओळ सापडली आहे, ती जाणूनबुजून घातली असल्याचा संशय आहे, त्याची पंच्याऐंशीची दुरुस्ती मी नाकारली आहे, यापुढे त्याचं काही घेतलं जाणार नाही. खाली लोकांनी घुबडाला काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. आग लावणारा हे त्यातलं सगळ्यात सौम्य होतं.

दोन दिवसांनी घुबडाने लिहिलं, "ठीक आहे." त्यानंतर त्याचं खातंच बंद झालं.

आत्याने ती लाल पेनाची वही मिटून माळ्यावर टाकली. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. उलट ती दिवसभर घरात काहीतरी हुडकल्यासारखी फिरत होती. तिसऱ्या प्रहरी मला विचारलं, "माझ्या लॅपटॉपला कोणी हात लावला होता का गं?" मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला राग आला.

दोन महिन्यांनी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, पाच आठवडे पडद्याकडे बघायचं नाही. 'ऊब'च्या नव्या आवृत्त्या लोकांपर्यंत पोचवायच्या तर फोरमवर त्याचा एक पासवर्ड लागतो. तो आजवर तिने काकांनासुद्धा सांगितला नव्हता. स्नेही म्हणाला, ताई, मी आहे ना. तिने त्याला पासवर्ड दिला. देताना फोनवर मलाच समजावत होती, "कोणावर तरी टाकावंच लागतं."

पाच आठवडे ती काळा चष्मा लावून बसली. रेडिओ ऐकायची आणि बातम्या देणाऱ्याच्या चुका काढायची. सहाव्या आठवड्यात तिने लॅपटॉप उघडला, आणि पहिल्या दहा मिनिटांतच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. स्नेहीने नवी आवृत्ती काढली होती. वाचायला ठेवलेला कोड जवळपास पूर्वीसारखाच होता. पण बोर्डात सरळ भरायची जी तयार फाईल असते ती बरीच फुगली होती. बहुतेक लोक कोड वाचत नाहीत, तयार फाईलच भरतात.

तिने विचारलं. स्नेहीने लगेच कळवलं, "काही नाही ताई, थोडं नीटनेटकं केलंय. तुम्ही आराम करा."

"आराम करा," आत्या मोठ्याने वाचत म्हणाली. "नीटनेटकं केल्यावर वस्तू फुगते का?"

त्याच दिवशी तिने विज्ञानाच्या मास्तरांचा एक निरोप वाचला. तो येऊन दोन दिवस पडून होता. नवी आवृत्ती घातल्यापासून वर्गातल्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. अंडी निम्म्यावर येऊन मरत होती. पडद्यावर तापमान अगदी बरोबर दिसतं, बाई, मग माझं काय चुकतं? मुलं विचारतात, मला सांगता येत नाही. आणि खाली स्नेहीचं गोड उत्तर होतं: सर, तुमचा बोर्ड जुना झाला असेल. माझ्याकडचा घेतलात तर हा त्रास होणार नाही.

आत्याने निरोप आणि उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मग काकांना म्हणाली, "अहो, दोन खोकी लागतील."

तिने माझ्या पत्त्यावर, माझ्या नावाने स्नेहीच्या दुकानातून एक डबा मागवला. एका खोक्यात तिचा नेहमीचा बोर्ड, दुसऱ्यात स्नेहीचा. दोन्हींत तीच नवी तयार फाईल. प्रत्येक खोक्यात स्वतःचे दोन तापमापक. काका अंडी घेऊन आले तर तिने ती परत पाठवली. "जिवांवर चाचणी करायची नाही. पाण्याच्या वाट्या ठेवा."

पहिला दिवस, दोन्ही पेट्या साडेसदतीस. तिसरा दिवस, साडेसदतीस. ती सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आकडे लिहायची. आठव्या दिवशी काका म्हणाले, "मला वाटतं त्या मास्तरांचंच काहीतरी चुकलं. तू त्या घुबडाच्या बाबतीतही असंच..." आणि थांबले.

"असंच काय?"

"काही नाही."

"नाही, बोला ना."

"त्याच्यावरचा संशय खरा होता असं तूच म्हणालीस. मग आता ह्याच्यावर. उद्या माझ्यावर घेशील."

ती चिडली नाही. "सहा मोतीबिंदू झाले तरी मी ह्या पेट्या एकवीस दिवस चालवणार," एवढंच म्हणाली.

बाराव्या दिवशी मी दुपारी सहज गेले होते. आत्या खोक्यांपुढे स्टुलावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. मला बघून तिने आपल्या बोर्डाच्या पेटीकडे मानेने खूण केली. पडद्यावर साडेसदतीस. मी खोक्याच्या झाकणातल्या काचेतून आतले तापमापक वाचले. एक पस्तीस दाखवत होता. दुसराही पस्तीस. शेजारच्या पेटीत, स्नेहीच्या बोर्डाच्या, आत-बाहेर सगळीकडे साडेसदतीस.

"सकाळी सात वाजल्यापासून असं आहे," ती म्हणाली. "बोर्ड त्याचा नसेल तर बाराव्या दिवशी हीटर कमी करायचा, आणि पडद्याने मात्र साडेसदतीसच सांगायचं. माणसाला वाटणार आपलंच चुकलं. आपलाच बोर्ड जुना. मग जा त्याच्या दुकानात." तिचा आवाज अगदी सपाट होता. "केसाने गळा कापला. आणि सुरी मी हातात दिली."

ती उठली, स्नेहीच्या पेटीचं झाकण उघडून आत हात घातला. तिला तापमापक एकदा हाताने हलवून खात्री करायची होती. त्या नादात सेन्सरच्या तारेला धक्का लागला. स्नेहीच्या डब्यातला जोड ढिला होता, तार क्षणभर निसटून परत बसली.

पडद्यावर आकडा आला, पंच्याऐंशी.

तिने सेन्सर हातात धरला. नुसता कोमट होता. पडद्यावर परत साडेसदतीस. तिने तार मुद्दाम हलवली. पंच्याऐंशी. पुन्हा हलवली. पंच्याऐंशी. हीटर बंद झाला, भोंगा वाजायला लागला.

"बंद कर ते," काका आतून ओरडले.

आत्याने ते बंद केलं नाही. मीच वायर ओढली. ती स्टुलावर बसून म्हणाली, "वीज तुटून परत आली की हा सेन्सर आधी पंच्याऐंशी म्हणतो. काही मोजायच्या आधीच. म्हणून तो म्हणाला, पंच्याऐंशी खरं नसतं. माझ्या तारा पक्क्या होत्या. माझ्या तारा कधी तुटल्याच नाहीत." मग माळ्याकडे बघत, "ती वही काढ."

वही काढली. तिने घुबडाची ती जुनी दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. दुर्लक्ष कर ही ओळ होती. तिच्याखाली दीड पान सोडून आणखी एक ओळ होती: पंच्याऐंशी सलग आठ वेळा आलं तर ते खरं धर, हीटर बंद कर, भोंगा वाजव.

"खाली बघा म्हणाला होता," आत्या म्हणाली. "मला जे शोधायचं होतं ते वरच सापडलं. खालचं हाताने नुसतं उतरवलं, बघितलंच नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने तो हळूच बाजूला केला. रडत नव्हती. तिला कोणी हात लावायला नको होता, बस.

दुसऱ्या दिवशी तिने पासवर्ड बदलला आणि स्नेहीला पेट्यांचे आकडे पाठवले. ह्या वेळी त्यात ताई नव्हतं. त्याने लिहिलं, "घुबडावरही तुम्ही असाच आळ घेतला होता. लोकांच्या लक्षात आहे. आता माझ्यावर घेतलात तर तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार? शांतपणे मिटवू या."

हे मात्र त्याचं अगदी खरं होतं. काका म्हणाले, "घुबडाचं राहू दे आता, तो गेलाच आहे. आधी ह्याला उघडं पाड. दोन्ही एकदम सांगितलंस तर लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलंय."

"क्रम उलटा आहे," आत्या म्हणाली.

तिने जे लिहिलं ते मी तिच्या शेजारी बसून वाचलं. पहिला अर्धा भाग फक्त घुबडाचा होता. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. त्याची ओळ बरोबर होती. त्याने मला खाली बघायला सांगितलं, मी बघितलं नाही. तार कशी हलवायची, पंच्याऐंशी कसं दिसेल, हे टप्प्याटप्प्याने दिलं होतं. त्यानंतर स्नेहीचं. आणि शेवटी: "माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये. मी दोनदा चुकले आहे, एकदा संशय घेऊन आणि एकदा न घेऊन. ज्याच्याकडे पेटी आहे त्याने अंडी न ठेवता बारा दिवस चालवावी, आत स्वतःचा तापमापक ठेवावा, आणि आकडा इथे लिहावा."

पुढचे बारा दिवस फार वाईट गेले. स्नेहीच्या बाजूने कितीतरी जण बोलले. म्हातारीला संशयाचा रोग आहे, असं एकाने लिहिलं. फोन वाजला की आत्या दचकायची. काका मुकाट्याने चहा करून तिच्यापुढे ठेवत होते, आणि ती तो हुंगून न बघता पीत होती. त्यावरून मला कळलं तिची काय अवस्था आहे.

तेराव्या दिवशी विज्ञानाच्या मास्तरांनी वर्गातल्या पेटीचा फोटो टाकला. पडदा साडेसदतीस, तापमापक पस्तीस. खाली सगळ्या मुलांनी आपापला वाचलेला आकडा लिहिला होता. त्यानंतर एक-एक करत सतरा जणांचे आकडे आले. संध्याकाळपर्यंत स्नेहीने आपलं सगळं लिखाण पुसलं आणि तो फोरमवरून नाहीसा झाला. दुकान मात्र बंद झालं नाही. काही दिवसांनी तेच डबे वेगळ्या नावाने विकायला आलेले मास्तरांना दिसले. आत्याने त्या नव्या नावाचीही एक नोंद करून ठेवली.

'ऊब'ची जुनी, स्वच्छ आवृत्ती तिने परत लावली. ह्या वेळी घुबडाच्या दोन्ही ओळी आत घेऊन. आता नवीन काही बाहेर काढायचं तर तिची आणि मास्तरांची, दोघांची संमती लागते. तशी अट तिनेच घातली. मास्तरही कमी नाहीत. मागच्या महिन्यात एका ओळीवरून दोघं फोनवर दोन तास वाद घालत होते, आणि शेवटी आत्याच म्हणाली, "बरं, तुमचं बरोबर. पण मी एकदा चालवून बघणार."

घुबडाला शोधायचा तिने खूप प्रयत्न केला. जुन्या एका दुरुस्तीत त्याचा ईमेल पत्ता राहून गेला होता. त्यावर तिने पत्र लिहिलं. ते परत आलं नाही, आणि उत्तरही आलं नाही. "मिळालं असेल का?" ती काकांना अधूनमधून विचारते. काका म्हणतात, "मिळालं असणार." ती म्हणते, "तुम्हाला काय माहीत?"

फोरम चालवणाऱ्यांनी तिला एकदा विचारलं होतं, घुबडावरची ती पहिली सूचना काढून टाकू का? तुम्हालाही बरं, बघणाऱ्यांनाही बरं. आत्या नको म्हणाली. ती सूचना अजून तिथेच आहे, लोकांच्या शिव्यांसकट, आणि तिच्या खाली तिने दिलेली कबुली. मी विचारलं, कशाला ठेवतेस? तर कपाटातले जुने तपासणी-अहवाल दाखवत म्हणाली, "नापास झालेला काटा आम्ही कधी वहीतून खोडला नाही. खोडला तर वहीच खोटी होते."

मग ती पडद्याकडे वळली. कोणीतरी नवख्याने एक दुरुस्ती पाठवली होती. आत्याने चष्मा बदलला आणि अगदी तळापासून वर वाचायला सुरुवात केली.